एकही टाका नाही

दुसऱ्यांनी बिघडवलेली शिवण उसवायची आणि कपडा पुन्हा अंगावर घालण्याजोगा करायचा, हे तिचं दुकानातलं काम. अकरा वर्षं तेच. तिच्या पोटाबद्दल मात्र तिच्यापेक्षा घरच्यांना जास्त कळायचं. "पाळीत दुखतंच," सासूबाई म्हणायच्या आणि नणंद मान डोलवायची. दुखणं अंगावर काढायचा तिला चांगला सराव होता. त्या दिवसांत ती जेवणाच्या सुट्टीत जाड कापडाची घडी पोटावर ठेवून वरून गरम इस्त्री धरायची आणि सुट्टी संपली की उठून मशीनवर बसायची. उठून कामाला लागते म्हणजे दुखत नसणार, हे घरचं वैद्यकशास्त्र.

पुढे त्या दुखण्याला एन्डोमेट्रिओसिस असं भारदस्त नाव मिळालं. अंडाशयात जुन्या रक्ताच्या गाठी होत होत्या. दोन ऑपरेशनं झाली. उजवं अंडाशय गेलं आणि डाव्यात गाठ पुन्हा हजर. "तेही टाक काढून, कटकट मिटेल," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्याच्या अंडाशयाच्या बाबतीत माणसं फार उदार असतात. तिला मूल हवं होतं, आणि आता उरलं होतं ते हे एकच अंडाशय.

तिने सर्जनला विचारलं, "एकाच जागी दोनदा उसवलंय. तिसऱ्यांदा कात्री लावली तर कापड उरेल का?"

सर्जननी तिला एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बाईंनी सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने गाठीतलं काळपट रक्त ओढून घेतलं, गाठीचं अस्तर सुकावं म्हणून आत थोडा वेळ अल्कोहोल भरून ठेवलं आणि तेही काढलं. "परत येणारच नाही असं वचन देत नाही," त्या म्हणाल्या, "पण अंडाशयाला कात्री नाही लावली."

संध्याकाळी ती घरी. भेटायला आलेल्यांचा हिरमोड झाला. एकही टाका नाही, तर बघायचं तरी काय? डॉक्टरांनी फसवलं, असा निकाल सासूबाईंनी दिला आणि तीन महिन्यांनी तपासणीच्या वेळी जाब विचारायला स्वतः सोबत आल्या.

लिंबाएवढ्या गाठीच्या जागी पडद्यावर वाटाण्याएवढं काहीतरी उरलं होतं. सासूबाई तिकडे बघतच नव्हत्या. सुनेच्या पोटावर तपकिरी, जाळीदार डाग होते.

"हे काय गं?"

"इस्त्रीचे. शेकायचे ना सुट्टीत."

"किती वर्षं?"

"अकरा."

जाब विचारायचा राहून गेला. सासूबाईंनी रुमाल काढला आणि सुनेच्या पोटावरचं जेल पुसलं, डागांवरून जरा हळूच.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "ते डावं आहे ना, ते राहू द्या."