ओवी न म्हणणाऱ्या रंगूनकाकू

ओवी न म्हणता जात्यावर बसणारी बाई आमच्या आळीने जन्मात एकच पाहिली. टेंभी नाक्याजवळच्या त्या आळीत पहाट झाली की घरोघरी जाती सुरू होत आणि प्रत्येक जात्यावर कुणी ना कुणी गात असे. नुसते ऐकून सांगावे, कोणाची सून माहेरच्या आठवणीने कळवळते आहे आणि कोणाची सासूवर उखडली आहे. फक्त आमच्या समोरच्या घरातून जात्याची घरघर तेवढी यायची, गळा म्हणून नाही. त्या घरात रंगूनकाकू राहत.

खऱ्या त्या रंगूनच्या नव्हेतच. काका पलटणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्याबरोबर काकूंनी ब्रह्मदेशात मोलमीन नावाच्या गावी बरीच वर्षे काढली होती. पण आळीच्या लेखी ब्रह्मदेश म्हणजे रंगून, पुढे बोलायचे काम नाही! आणि काळे पाणी ओलांडून आलेली बाई मुकाट्याने दळते म्हणजे मनात काहीतरी मंत्र घोकत असणार, तिकडचे चेटूक असणार, असा निकाल आमच्या बायकांनी लावून टाकला. त्यांच्या घरचे पीठ कोणी उसने घेत नसे.

काकू दोन कामे एकदम कधी करत नसत. विहिरीवर पाणी शेंदताना हाक मारली तर आधी घागर वर येई, काठावर टेके, मग काकू वळत, आपल्या तोंडाकडे नीट पाहत आणि म्हणत, "हं, आता बोल." तोवर काय विचारायचे होते तेच विसरायला होई. माझ्यासारखीचा तर जीव जाई. मी हाताने भाजी चिरणारी, पायाने पाळणा हलवणारी आणि तोंडाने शेजारणीशी भांडणारी.

एकदा चेंदणीची एक कोळीण शिळे बोंबील ताजे म्हणून त्यांच्या गळ्यात मारायला बघत होती. काकूंनी ते हुंगले, पाटीत परत ठेवले आणि म्हणाल्या, "थांब. मला राग आलाय." आणि तशाच बसून राहिल्या. कोळीण गांगरली. "अगो बाय, राग आलाय त बोल ना! अशी गप काय बसलीस?" काकू म्हणाल्या, "तो गेला की बोलते." गेला असावा, कारण मग त्या हसून म्हणाल्या, "शिळे आहेत गं. उद्या ताजे आण." शिव्या त्या कोळणीने सहज पचवल्या असत्या, हे काही तिला पचेना. दुसऱ्या दिवशी बोंबील ताजे आले.

आता माझे सांगते. माझा पहिला मुलगा एका दुपारी पाळण्यात निजला तो उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. त्यानंतर चिमी झाली आणि तिने डोळे मिटले की माझे प्राण कंठाशी येऊ लागले. तिच्या नाकाशी बोट धरायचे. श्वास लागला तरी खात्री पटायची नाही, मग हलवून उठवायचे. ती रडली की मला बरे वाटे. दिवसभर हाच खेळ. पोर झोपेवाचून किरकिरी झाली, वाळू लागली. वैद्यबुवा सासूबाईंना म्हणाले, मूल आईपासून दूर ठेवा.

चिमी वरच्या दुधावर आलीच होती. सासूबाईंनी ठरवले, मला कल्याणला माहेरी धाडायचे आणि चिमीला त्यांनी सांभाळायचे. बाई वाईट नव्हत्या हो. म्हणाल्या, "मथू, तुझ्यावर माझा राग नाही. पण एक नातवंड गेलंय माझं." दादाला निरोप गेला. देवदिवाळी झाली की तो मला न्यायला येणार होता.

मी रडत समोरच्या घरी गेले. म्हटले, चेटूक तर चेटूक, पण माझे मन बांधून द्या. काकूंनी हातातले सूप खाली ठेवले, "हं, आता बोल" म्हणाल्या आणि मी सगळे ओकले. मग त्यांनी आपले सांगितले, तेही एकदाच. मोलमीनला पटकीच्या साथीत त्यांची दोन्ही मुले गेली होती.

"मग मी दिवसभर अंगण झाडायची. झाडलेलंच पुन्हा झाडायची. शेजारच्या मठात गुलाबी वस्त्रातली एक म्हातारी होती, डोई केलेली. मला वाटलं, बिचारी विधवा! मीच तिची कीव करायची. ती निघाली बुद्धाची जोगीण. तिनं माझ्या हातातला झाडू काही काढून घेतला नाही. म्हणाली, झाड, पण झाडते आहेस हे तुला कळू दे."

"म्हणजे काय करू मी?"

"जात्यावर बस. खुंटा हाताला लागतोय, श्वास येतोय, जातोय, एवढं बघ. मन पाळण्याकडे पळेल. पळालं की 'गेलं' म्हणायचं आणि परत आणायचं. त्याच्यावर खेकसायचं नाही. तू खेकसतेस."

"आणि चिमीचा श्वास?"

"तिचा तुझ्या हातात नाही, मथे. तुझा आहे, तेवढा बघ."

मला भयंकर राग आला. हे काय औषध झाले? पण माझ्यापाशी दुसरे होते काय? निघताना मी फणकाऱ्यानेच विचारले, "ओवी मग का म्हणत नाही तुम्ही? तीही जोगिणीनं बंद केली?" काकू म्हणाल्या, "ओवीत पोरांची नावं येतात गं. ती ओठांवर आली की अजून हात थांबतो माझा."

दुसऱ्या दिवशी आमचेही जाते मुके झाले. आळी म्हणाली, हिलाही रंगूनची बाधा झाली! सासूबाईंनी मला खडसावून विचारले तेव्हा मी घाबरत सांगितले, हे बुद्धाचे आहे. त्यांनी विचार केला. "बुद्ध म्हणजे नववा अवतार ना? मग आपल्यातलाच की," म्हणाल्या आणि जपाला बसल्या.

पण जमते कसले! "गेलं, गेलं" म्हणता म्हणता पीठ जाडेभरडे पडे आणि भाकरी थापताना फाटे. घरातल्यांनी निमूटपणे खाल्ल्या, हे त्यांचे उपकार. काकू यायच्या, पीठ चिमटीत घेऊन बघायच्या. "किती वेळा गेलं?" मी रडकुंडीला येऊन म्हणे, "सारखं जातं!" "छान," त्या म्हणत. "म्हणजे सारखं कळलं तुला." अशा बाईपुढे काय डोके आपटणार?

देवदिवाळी झाली आणि दादा सकाळच्या गाडीने कल्याणहून आला. माझे गाठोडे ओटीवर बांधून ठेवलेले. चिमी पाळण्यात निजलेली, सासूबाई पाळण्याशी. दादाला वडे करायचे म्हणून मी जात्यावर बसले. घर शांत होते. फार शांत होते. मन पाळण्याकडे धावले. गेलं. आणले. पुन्हा गेलं. पाय उठायला लागले, तेही कळले. अंगाला घाम फुटला. खुंटा हाताला लागत होता, श्वास कसाबसा येत होता, जात होता. सासूबाई माझ्याकडे टक लावून होत्या. मी उठले नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग पाळण्यात हालचाल झाली आणि एक मोठी जांभई ऐकू आली. माझी पोर आपली आपण जागी झाली होती, न रडता, आणि पायाचा अंगठा धरून खेळत होती.

सासूबाई दादाला म्हणाल्या, "जेवून जा बाबा. एकटाच जा." मग पदराने डोळे पुसून माझ्यावर ओरडल्या, "आणि तू काय बघत बसलीस? पीठ आण!"

भीती गेली असे मी म्हणणार नाही. खोटे कशाला बोलू? चिमी सासरी गेली, तिला मुले झाली, तरी एखाद्या दुपारी ती भीती येऊन बसतेच. पण आली की मला कळते, आणि मी हातातले काम करत राहते. माझी लेक माझ्या मांडीवर वाढली, ती त्या बाईमुळे. हे ऋण मी कोणाही देवाच्या आधी सांगते.

चिमी अजून परकरात होती तेव्हा काकांची नजर अधू झाली आणि त्यांचा पुतण्या दोघांना पेणला न्यायला आला. बंदरावर पडाव लागला होता, भरतीबरोबर सुटणार होता. पहाटे मी जात्यावर बसले होते, तोच काकू आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "सरक, मलाही धरू दे." खुंट्यावर आम्हा दोघींचे हात. काकूंनी खाकरून घसा साफ केला आणि ओवी म्हटली. गळा अगदीच बेसूर!

"दळण दळीते बाई, पीठ पडे मऊ मऊ,
निजलेल्या आईला गं, चिमे, नको उठवू."

मी रडता रडता हसले. वाटले, झाले एवढेच. पण काकूंनी दुसरी ओवी घेतली आणि तिच्यात दोन नावे आली, विठू आणि कृष्णी. इतकी वर्षे समोर राहून ती मी कधी ऐकली नव्हती. मी दचकून त्यांच्या हाताकडे पाहिले.

हात फिरत होता.