नव्याचा नंबर

पावर हाउस स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर आज माझा ऑटो रांगेत उभा राहतो, तो सेक्टर दहामधल्या मॅडममुळे. त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. त्यांना हे मान्य नाही. मी फक्त विचारलं, असं त्या म्हणतात.

नववीत शाळा सोडून मी पुसदकडून इकडे आलो, भाड्याचा ऑटो धरला. स्टँडवर नव्याला रांगेत नंबर नसे. जुन्यांचे ऑटो भरून गेले की उरलीसुरली सवारी त्याची. असं कुठवर, ते कोणी सांगत नसे. मी बाजूला उभा राहायचो आणि घरी फोनवर बरं चाललंय म्हणायचो. मालक ऑटो काढून घेईल, ही धास्ती रोजचीच.

मॅडमचं संशोधन नीती आणि समाजाबद्दलचं. लिहिलेला नियम नसताना लोक न्याय कसा ठरवतात, असं काहीतरी; मला आताही अर्धंच समजतं. त्यासाठी त्या दुपारी स्टँडवर येऊन बसत. सगळ्यांत जुने काका गोंदियाचे. नव्याला नंबर केव्हा देता, असं मॅडमनी त्यांना विचारलं. आमाले वाटलं तेव्हा, काका म्हणाले. आपणही एक अख्खा उन्हाळा असाच काढला, हेही सांगितलं.

"तुमाले थांबवलं, ते बरोबर होतं का?" मॅडमनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"बरोबर कायचं, मॅडम? सोसलं."

"मंग याले कावून थांबवून राहिले?" मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मागून एकजण बोलला, "काकाले सासू खराब भेटली, त्याचा राग ते सुनेवर काढून राहिले."

सगळे हसले. काकाही हसले, पण उशिरा. दुसऱ्या सकाळी ते मला म्हणाले, "माह्या मागं लाव गाडी." कारण काही सांगितलं नाही.

काही दिवसांनी मॅडम स्टेशनातून बाहेर येताना दिसल्या. मी धावत जाऊन त्यांची बॅग घेतली.

"नंबर कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

काकांचा होता. मॅडमनी बॅग माझ्या हातातून परत घेतली आणि काकांच्या ऑटोत बसल्या. मी ओशाळलो. मग वाटलं, ठीकच आहे. मी ज्या रांगेत आहे ती मोडली तर पुन्हा बाजूला कोण उभा राहील?

त्या येतात तेव्हा नंबर अजून दुसऱ्याचाच निघतो. कधीतरी माझा असेल. त्या दिवशी त्यांना घरापर्यंत सोडीन, भाडं घेणार नाही. का, ते त्या विचारतीलच. तेव्हा सांगेन, तुम्ही फक्त विचारलंत, म्हणून.