समथरचं लग्न

झाशीत, बिजौलीच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात मी सेविका म्हणून लागले आणि जुन्या मॅनेजरबाई गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसले. तेव्हापासून माझ्यावाचून तिथलं पान हलेना. खिचडी करायची की डाळभात, ताप आलेल्याला डॉक्टरांकडे न्यायचं की थांबायचं, सगळं मलाच विचारत. घरी जेवायला बसले की फोन वाजायचा. आई म्हणायची, "अगं, हातातला घास तरी गिळ आधी."

गेल्या हिवाळ्यात संस्थेने आम्हा मॅनेजरांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण ठेवलं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "आप बीमार पड़ जाएँ तो फ़ैसला कौन लेगा?" मग म्हणाल्या, परत गेल्यावर एखादा तरी निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवा आणि मग त्याच्या पाठीशी उभ्या राहा.

मी आमच्या सगळ्यात जुन्या सेविकेला बोलावलं. आजी-आजोबांना बाहेर कधी, कुणाबरोबर सोडायचं, हे यापुढे तिने ठरवायचं, असं सांगितलं. ती चपापली. "दीदी, कुछ हो गया तो?"

"तो मैं हूँ ना."

थोड्याच दिवसांत टहरौलीकडच्या एका आजींच्या भाचीचं समथरला लग्न निघालं. आजींचे गुडघे पार गेलेले, फाटकाबाहेर त्या कित्येक वर्षांत पडल्या नव्हत्या. सेविकेने न्यायला आलेल्या भाच्याला औषधं समजावून दिली, गाडीत उशा लावल्या आणि आजींना पाठवून दिलं. मला मागाहून कळलं. तिचा निर्णय मी तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी आजी परतल्या त्या मेंदीभरल्या हातांनी. लग्नगीतं गाऊन घसा पार बसला होता.

संस्थेच्या सचिवांच्या कानावर हे गेलं. ते तडक माझ्या खोलीत आले. सेविका दारातच उभी होती.

"इनको हटाइए," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"अधिकार मैंने दिया था, सर. ज़िम्मेदारी मेरी है."

"ठीक है. तो आज से आपकी मौजूदगी के बिना कोई फाटक के बाहर नहीं जाएगा."

तिची नोकरी वाचली आणि मी मात्र तिथेच खिळले. कुणाला डोळे तपासायला न्यायचं असो की देवळात, मी हजर हवी. रविवारही गेले. भावाच्या मुलीच्या बारशाला मी आत्या असून पाळण्याजवळ नव्हते. कुणाची तरी सून सासऱ्यांना घरी न्यायला आली, म्हणून फाटकाशी उभी होते. नोकरी सोडावी असं रोज मनात येई. मग वाटे, मी गेले की पहिलं त्या सेविकेलाच काढतील.

हा नियम मागे घ्या म्हणून सचिवांकडे दोनदा जाऊन आले. "देखेंगे," म्हणाले.

सगळ्यात जास्त लागलं ते तिचं वागणं. तिने ठरवणंच सोडलं. चैतात एका दुपारी धुळीची वावटळ उठली. ती माझ्या दाराशी आली.

"दीदी, खिड़कियाँ बंद कर दें?"

"तुम्हें क्या लगता है?"

तिने मान खाली घातली. "आप ही बता दीजिए."

मागे खोलीत आजी खोकत होत्या, पलंगांवर धूळ बसत होती. मी वाट पाहिली.

"बंद कर दो," मी म्हटलं.