अकरा पावलांवरचा उंबरा

पाण्याखाली गेलेल्या गावात पावलं मोजत चालणारा माणूस जगात एकच असेल, आणि ते नेमके आमचे थोरले साडू निघावेत, हे माझं नशीब.

आंबेगाव धरणात गेलं तेव्हा ते लहान होते. आता पन्नाशी उलटली, पोट सुटलं, तरी दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की निळा पोहण्याचा चष्मा लावून आणि ताईंची, म्हणजे माझ्या मेहुणीची, पिठाची चाळण पळवून ते धरणात उतरतात. चौकट बसवताना उंबऱ्याखाली नाणं पुरायची त्या गावची पद्धत. यांच्या वडिलांनी तारेत ओवलेले भोकाचे तीन पैसे पुरले होते. ते मिळाल्याशिवाय नव्या घराला उंबरा बसवायचा नाही, ही साडूंची प्रतिज्ञा. त्यामुळे घोडेगावच्या घराला ऐटबाज सागवानी दार, आणि दाराखाली चार बोटं फट. तिच्यातून पावसाचं पाणी आणि बेडूक मोकळेपणानं ये-जा करत. "एकदा नाग आला मंजी ह्यांचा पैसा मिळंल," ताई म्हणत.

मारुतीच्या देवळाच्या पायरीपासून घर अकरा पावलं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. छातीएवढ्या पाण्यात पावलं मोजून ते बुडी मारत आणि दरवर्षी दुसरीच नाणी घेऊन वर येत. गाळातली ती नाणी इतकी सुरेख राहिलेली की अक्षर न् अक्षर वाचता यावं. साडू ती देवाच्या तांब्यासारखी चिंचेनं घासत आणि जुन्नरला नाणी जमवणाऱ्या एका शेटजींना दाखवत.

"भाऊ, पाण्यानं एवढं जपलं, तुम्ही एका दुपारी वाटोळं केलंत," शेटजी कपाळाला हात लावत.

शिवाय नाणी निघत शेजारच्या भावकीच्या उंबऱ्याखालची. त्यांच्याशी यांची बोलचाल बंद. पण नाणी परत करायची म्हणून साडू दरवर्षी तिथे जाऊन मुकाट्यानं चहा पिऊन येत.

गेल्या उन्हाळ्यात काठावर कलिंगड खाता खाता मी सहज विचारलं, "ही पावलं मोजली कधी?"

"साळंत जाताना. सात वर्साचा व्हतो."

बोलले आणि हातातली फोड खाली ठेवून स्वतःच्या पावलांकडे बघू लागले. इतकी वर्षं मोठ्या माणसाची पावलं त्यांना एक घर पुढे नेत होती. ते पुन्हा पायरीशी गेले आणि ते अवाढव्य पोट सांभाळत इतकी इवली पावलं टाकत निघाले की मला हसू आवरेना. अकराव्या पावलाला बुडी मारली. बऱ्याच बुड्यांनंतर वर आले तेव्हा मुठीत तारेत ओवलेले तीन पैसे होते, जसेच्या तसे. बाहेर आल्यावरही त्यांनी चष्मा काढला नाही. मीही काढा म्हटलं नाही.

ते पैसे त्यांनी घासले नाहीत. गाळासकट नव्या उंबऱ्याखाली ठेवले. परवा गेलो तर सवय नसल्यानं दारातच मला सणसणीत ठेच लागली. अंगठा धरून मी नको ते बोललो. साडू बसल्या जागेवरून बघत होते.

"लागलं न्हवं, पावणं?" ते हळूच म्हणाले. "आमच्या बापालाबी रोज लागायचं."