सोसणाऱ्या पेशीचं उदाहरण

"ही बघा," सर म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ही आमची उपाशी पेशी."

विभाग तपासायला आलेल्या समितीचे पाहुणे हसले. आमची लॅब हसली. मीही हसले.

अमरावतीला, आमच्या विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये. मी सरांच्या हाताखाली यीस्टवर पीएचडी करते. पाव फुगवणारं यीस्ट, तेच. त्याच्या पेशीत कायनेज नावाची प्रथिनं असतात. बाहेरची खबर ती आत पोचवतात. साखर भरपूर असली की एक कायनेज सांगतं, वाढ. साखर संपली की ते गप्प होतं, दुसरं जागं होतं, आणि पेशी स्वतःला आवरून घेते. मग ती उष्णतेतही तग धरते. सुखात वाढणारी पेशी तिथं मरते. हा निरोप आत कसा जातो, ते मी शोधते.

हे मी इंग्रजीत सांगत होते. पाहुणे कंटाळले असावेत. सर उठले. माझं आडनाव सावकाश घेतलं आणि मराठीत सुरू झाले. आमची पोरं बघा, जन्मापासून साखरेत. जरा धक्का बसला की खलास. आणि ही. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उपास काढलेत, म्हणून चिवट. हिला रविवारीही लॅबमध्ये बोलवा, काही होत नाही.

पाठीवर थाप मारावी तसं बोलले. शिवी असती तर मी ओळखली असती. हे कौतुक होतं.

माझे बाबा अकोल्यात पाटबंधारे खात्यात आहेत. आई सरकारी दवाखान्यात नर्स. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. डब्यात पोळीभाजी असायची, वर लिंबाचं लोणचं. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी. आडनाव पुरलं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. खूश होते. "अकोल्याच्या परिषदेत ते उदाहरण तूच सांग. तुझ्या तोंडून जास्त छान वाटेल."

मी म्हणाले, "हो सर."

शनिवारी घरी गेले. आई मेथी निवडत बसली होती. मी तिला गंमत म्हणून सांगितलं. सरांचा आवाज काढून. तिचे हात थांबले.

"मी कवा उपाशी ठेवलं तुले?"

ती मेथीच्या काड्या उचलून आत गेली. नाइट ड्युटीवरून आल्यावरही ती आधी माझा डबा करायची, मग झोपायची. माझ्या गमतीत ते सगळं पुसलं गेलं होतं.

बाबांनी ऐकलं होतं. ते हळू म्हणाले, "सही त्याच्या हातात आहे, बेटा. आता काई बोलू नको."

बरोबरच होतं त्यांचं. फेलोशिप पुढं चालू राहायची तर सरांची सही लागते. प्रबंधालाही लागते. मी अमरावतीला परतले. त्या उदाहरणाची स्लाइड केली. होस्टेलच्या आरशासमोर ते वाक्य म्हणून पाहिलं. म्हणता आलं. तेच भयंकर होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे उपाशी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. जिवंत होत्या. यीस्ट वाढताना पेशीला बारीक कळी फुटते, तीच पुढं नवी पेशी होते. यांच्यात कळी शोधूनही सापडेना. सापडणार नव्हतीच. हे मी किती वेळा पाहिलं होतं, लिहिलं होतं. तग धरायचा म्हणून वाढ थांबवलेली. सरांच्या उदाहरणात हा अर्धा भाग नव्हता.

परिषदेला आईबाबा आले. आपलं गाव, आपली पोर, म्हणून. आई मागच्या खुर्चीवर, इस्त्रीची साडी नेसून. मी इंग्रजीत बोलत गेले. ती स्लाइड आली. मी पुढची लावली.

पहिल्या रांगेतून सर म्हणाले, "अगं, ते उदाहरण सांग ना."

इंग्रजी कुठं गेलं कळलं नाही.

"नाही सर. ते उदाहरण चुकीचं आहे. मी उपाशी नव्हते. आणि उपाशी पेशी चिवट असते, पण ती वाढत नसते."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी बाजूनं बोललं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सर हसून म्हणाले, "बरं, बस." मी बसले.

ऑटोत आई म्हणाली, "तुहं बाकीचं काई समजलं नाई. तेवढं समजलं." बाबा बाहेर बघत राहिले.

तेव्हापासून लॅबमध्ये सगळे माझ्याशी कामापुरतं बोलतात. यीस्टचे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या शेकरवर माझ्या फ्लास्कला जागा नसते. सही झालेली नाही. फेलोशिप कधीही थांबेल. माझ्या हातात फार काही नाही, हे मला माहीत आहे.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी सरांना दिलं. त्यात एक वाक्य आहे: तग धरणारी पेशी वाढत नसते, आणि तिच्या तग धरण्याला तिचं सुख समजू नये. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली. म्हणाले, हे खोडून आण, मग सही करतो.

मी ते प्रकरण पुन्हा छापलं. वाक्य तिथंच आहे. उद्या त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे.