बनियनवरचे केशरी डाग
भाचीच्या फ्रॉकवरचा बर्फगोळ्याचा केशरी डाग धुताना मला काचीगुड्यातल्या सासरी काढलेलं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा नवऱ्याच्या बनियनवर घामाचे तसेच डाग पडत. विचारलं की सासूबाई म्हणत, “उन्हाळा आहे, नक्को लक्ष देऊस.” मला दोघांचाही संशय येऊ लागला. एका सकाळी तो स्वयंपाकघरात चोरून गोळ्या घेताना दिसला. “टीबीच्या आहेत. त्यांनीच घाम रंगतो,” तो खाली बघत म्हणाला. “आधी सांगितलं असतं तर तू लग्नाला उभी राहिली नसतीस.” मी त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली. सुदैवाने मला काही नव्हतं. औषधं पूर्ण घेऊन तोही बरा झाला. आजही त्याला साधा खोकला आला की मी पाणी देते आणि त्याचा चेहरा निरखत राहते.