सात टेपांची फिर्याद

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस पुसट झाल्या. ही मात्र आजही जशीच्या तशी सांगू शकेन.

सांडोर गावच्या एक निवृत्त शिक्षिका रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेल्या असताना त्यांच्या घरी घरफोडी झाली. फिर्याद घेताना हवालदाराने दागिन्यांपासून सुरुवात केली. बाईंनी त्याला थांबवलं.

"ते मागाहून लिहा. आधी हॅण्डीकॅम आणि सात टेपा लिहा. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तिचा आवाज फक्त त्यात आहे."

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्या रोज एक टेप लावून बसायच्या.

तिसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याहून खबरीचा फोन आला. दुरुस्तीच्या दुकानात एक जण जुना हॅण्डीकॅम विकायला आलाय! साध्या वेशात जाऊन आम्ही त्याला कॅमेऱ्यासह धरलं. टेप मात्र एकही नव्हती.

"साहेब, रस्त्यात भेटला मला, आईशप्पथ!" दोन तास हेच पालुपद. शेवटी मी चहा मागवला. पिता पिता म्हणालो, "ज्या बाईंचा हा कॅमेरा आहे, त्यांची मुलगी लहानपणीच वारली."

त्याचा कप ओठाशीच थांबला. "कोण, ती दात पडलेली? मेली ती?"

मी ताडकन उठलो. टेप पाहिल्याशिवाय हे कळणं शक्यच नव्हतं! चूक त्यालाही कळली. मग भडाभडा बोलला. कॅमेरा चालतो का, हे बघायला त्याने टेप लावली होती. दागिने आणि टेपांची पिशवी चांदीप गावी, बहिणीच्या गोठ्यात पेंढ्याच्या एका भाऱ्यात लपवली होती.

जीप पिटाळली. पोचलो तर गोठा रिकामा!

"पेंढा आताच टेम्पोत भरून नेला," बहीण म्हणाली. तिला कशाचाच पत्ता नव्हता. "लांब गेला नसंल."

टेम्पो तीन किलोमीटरवर गाठला. पंचांसमोर एकेक भारा उतरवला. सगळ्यांच्या अंगाला कुसं टोचत होती. तळाचा भारा सोडताच शिपाई ओरडला, "साहेब, पिशवी मिळाली!" दागिने होते. टेपा मोजल्या, सातही होत्या.

ओळख पटवायला बाईंना बोलावून ठाण्यातच एक टेप लावली. "आई, इकडे बघ ना गं!" आवाज आला आणि बाईंनी माझा हात घट्ट धरला. कोर्टाच्या आदेशाने टेपा लवकर परत मिळाव्यात म्हणून अर्ज घेऊन मी स्वतः गेलो.

कोठडीतून नेताना आरोपीने एवढंच विचारलं, "टेपा खराब नाय ना झाल्या, साहेब?"

तोवर मी आरोपीला कायद्याचा धाक दाखवायचो. त्यानंतर, ज्याचं गेलं त्या माणसाबद्दल आधी सांगू लागलो. सगळेच बोलत नाहीत. पण ऐकतात सगळे.